लिमातली तालीम

पेरू देशातल्या लिमा शहरात प्रत्येक पेठेची आपापली तालीम होती आणि सणाच्या मिरवणुकीत कुणाची तालीम पुढे चालणार यावरून तिथे डोकी फुटत, असं एम.ए.च्या एका उत्तरपत्रिकेत लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. पुढच्या ओळीत तांबडी माती होती, वस्ताद होते, बदाम घातलेलं दूध होतं. लिहिणारा मुलगा वेडा नव्हता, कॉपीही करत नव्हता. त्याला चौगुले सरांनी शिकवलं होतं, एवढंच.

मी पुण्याहून कोल्हापूरच्या त्या कॉलेजात इतिहास शिकवायला आले ती सत्तरच्या सुमाराला. पुण्याहून आले म्हणजे सोबत काय काय आणलं असेन ते सांगायला नकोच. शुद्ध बोलायचं, हळू बोलायचं, आणि समोरचा तसं बोलत नसेल तर एक भुवई किंचित वर करायची. पहिल्या दिवशी विभागाच्या खोलीत पांढरी टोपी घातलेले, सावळे, आडव्या बांध्याचे एक गृहस्थ सायकलसाठी विजारीला लावलेल्या क्लिपा काढत बसले होते. कुणा विद्यार्थ्याचे वडील असतील असं वाटून मी त्यांना बसा म्हटलं. ते बसलेलेच होते.

"तुम्ही काय शिकवनार, बाई?" त्यांनी विचारलं.

"मराठ्यांचा इतिहास. आणि तुम्ही?"

"शहरं. मेहिको, लिमा, कुस्को, पोतोसी. टाइम मिळाला तर सेविया."

मी भुवई वर केली. "मेक्सिको म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाई. मेहिको म्हनायचं हाय."

"मग 'आहे'ला 'हाय' म्हटलेलं कसं चालतं?"

त्यांनी दुसरी क्लिप काढून टेबलावर ठेवली. "हाय ते माझं हाय. ते मी कसंबी म्हनीन. मेहिको त्यांचं हाय, ते त्यांच्यागत म्हनाय पायजे."

भुवई खाली आणायला मला बराच वेळ लागला. आदगोंडा चौगुले सरांशी झालेलं हे माझं पहिलं बोलणं.

एम.ए.च्या ऐच्छिक विषयांत सातवा पेपर होता तो स्पॅनिश अमेरिकेच्या इतिहासाचा. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी तो का ठेवला होता कोण जाणे. बहुतेक कॉलेजांत तो कागदावरच राही. आमच्याकडे सर तो दरसाल शिकवत, आणि दरसाल सात-आठ मुलं तरी तो घेत. अभ्यासक्रमात स्वाऱ्या होत्या, सुभेदार होते, स्वातंत्र्याच्या लढाया होत्या. सर ते सगळं दिवाळीच्या आत उरकून टाकत. "राजं कुठंबी मरत्यात," ते म्हणत. "शहर कसं जगतं ते बगा." आणि मग उरलेलं वर्ष शहरं. रस्ते काटकोनात का आखले, चौकाच्या कुठल्या बाजूला देऊळ आणि कुठल्या बाजूला कचेरी, पाणी कुठून यायचं, खाटकांना गावाच्या कडेला का बसवलं, संध्याकाळी लोक कुठे फिरायचे, कुणी कुणाला नमस्कार करायचा. ऐकताना वाटायचं, हा माणूस गेल्याच आठवड्यात तिकडून आलाय आणि अजून कपडे धुवायला टाकायचे राहिलेत.

सर कधीच कुठे गेले नव्हते. पलीकडे बेळगाव आणि अलीकडे पुणे, एवढंच त्यांचं जग. ते मूळचे हुपरीचे, जैन, घरात चांदीचं काम. घरातल्या घरात पैंजण घडत, सगळं घर त्यात राबे, आणि लहानपणी भट्टीपाशी बसल्याच्या खुणा सरांच्या बोटांवर शेवटपर्यंत होत्या. वितळवायला आलेल्या चांदीत एकदा एक परदेशी नाणं आलं होतं. त्यावर चोचीत साप धरलेला गरुड होता. आजोबांनी ते सरांच्या हातात दिलं, सगळ्यांनी पाहिलं आणि मग मुशीत टाकलं. हा गरुड कुठल्या गावचा, हे विचारत विचारत सर मेहिकोपर्यंत पोचले आणि एम.ए. झाले, असं ते स्वतःच सांगत.

स्पॅनिश ते फादरांकडून शिकले. कळंब्याच्या पुढे एका वाडीत एक म्हातारे स्पॅनिश फादर दवाखाना आणि मुलांचं वसतिगृह चालवत. दर रविवारी सर सायकल हाणत तिकडे जात. करार सरळ होता. एक तास फादरांनी सरांना स्पॅनिश शिकवायचं, एक तास सरांनी फादरांना मराठी. दोघंही हुशार, त्यामुळे दोघंही उत्तम शिकले. फक्त एक झालं, त्या गोऱ्यापान माणसाच्या तोंडी जे मराठी बसलं ते अस्सल हुपरीचं. आजारी माणसाला ते म्हणत, "काय हुतंय रं तुला? जीब दाखीव."

सरांच्या फार गमती होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नियम, त्यामुळे सगळं गाव चहा पीत असे तेव्हा सर जेवून रंकाळ्यावर फिरायला निघालेले असत. मात्र ते सगळ्यांच्या उलट दिशेने फिरत. मी एकदा कारण विचारलं. तर म्हणाले, मेहिकोच्या कितीतरी गावांत संध्याकाळी चौकाभोवती बायका एका दिशेनं आणि पुरुष दुसऱ्या दिशेनं फिरायचे. "एकाच दिशेनं चालला तर नुसत्या पाठी दिसत्यात, बाई. उलटं चालला की गावाचं तोंड दिसतंय." आणि खरोखरच, एका फेरीत त्यांचे शंभर राम राम होत. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाचं लग्न मोडलं, कुठली म्हैस आटली, हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळे.

एकदा त्यांनी सातव्या पेपरच्या मुलांना घेऊन भवानी मंडपासमोरची जागा पावलांनी मोजायला घेतली. स्पेनच्या राजाचा नियम होता की नव्या शहरातला चौक रुंदीच्या दीडपट लांब असावा, म्हणजे सणासुदीला घोडी नीट पळवता येतात. सरांना तो दीडपट म्हणजे किती, हे मुलांच्या पायांत उतरवायचं होतं. आठ मुलं मोठ्याने आकडे म्हणत चालताहेत, मधे टांगे, सायकली, भाविक बायका. पोलीस आला.

"काय मोजताय, पावणं?"

"प्लाझा," सर म्हणाले.

पोलिसाने मान डोलावली. संध्याकाळपर्यंत महाद्वार रोडवर बातमी पसरली की भवानी मंडपासमोर 'प्लाझा' नावाचं नवीन टॉकीज होणार, मापं घेऊन झाली. त्यानंतर पंधरा दिवस लोक सरांना रस्त्यात अडवून विचारत होते, पहिला पिक्चर कुठला लावताय. सरांनी एकालाही नाही म्हटलं नाही. "जागा बसती का बगू आधी," एवढंच म्हणायचे.

हे सगळं ऐकून हसू येतं, मलाही येतं. पण सरांच्या शिकवण्याचा कणा याच्यातच होता. कोल्हापूरच्या मुलाला परका शब्द नुसता पाठ करायला द्यायचा नाही, त्याच्या पेठेतला शब्द द्यायचा. स्पॅनिश शहरांतल्या वस्त्यांना त्यांनी 'पेठ' म्हटलं. आणि तिथली जी धार्मिक मंडळं असत, ज्यांना ते लोक कोफ्रादिया म्हणतात, त्यांना 'तालीम' म्हटलं. हे मी प्रथम ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला होता. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतला उत्सव तालीम करते, भांडण तालीम मिटवते, कुणी गेलं तर पहिली माणसं तालमीतून येतात, विधवेच्या घरी धान्य कुणी पोचवलं ते विचारायची सोय नसते. कोफ्रादिया हेच करत. आपल्या संताची मिरवणूक काढत, सभासदाला माती देत, त्याच्या बायकोमुलांना बघत, आणि मिरवणुकीत पुढे कोण यावरून कचेरीत खटले लढत. सर हे सगळं फोड करून सांगत. मात्र वर्गात सांगितलेल्या गोष्टीतून मुलं काय उचलतील हे कुणाच्याच हातात नसतं.

आणि एक शब्द होता 'वेसिनो'. त्या शहरांत ज्याला हक्काचा माणूस मानत, ज्याचं नाव गावाच्या वहीत असे, तो वेसिनो. इंग्रजी पुस्तकं त्याला नागरिक म्हणत. सर म्हणत, शेजारी. "नागरिक कागदावर हुतो. वेसिनोला गावात घर पायजे, घरात चूल पायजे. गावावर कोन चालून आलं तर त्यानं हत्यार घिऊन भाईर पडाय पायजे. मेहिकोत वर्सानुवर्सं पूर हुता, होड्यांतनं फिरत हुते लोक. राजा म्हनला, गाव हलवा. वेसिनो म्हनले, आमी हलत न्हाई. ह्यो नागरिक न्हवं. ह्यो शेजारी."

हे ऐकताना पहिल्या बाकावर एक मुलगी शब्दन् शब्द उतरवून घेत असे. रझिया मोमीन. वडील भांड्यांना कल्हई लावायचे, शनिवार पेठेत एका बोळात दुकान. त्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. रझिया बोलायची कोल्हापूरच्या सगळ्या बायकांसारखी, म्हणजे "मी येतो, मी जातो," असं. मला आधी ते कानाला टोचायचं, नंतर आवडायला लागलं. वारणानगरच्या एका शाळेत तिला इतिहासाची जागा कबूल झाली होती. अट एकच, जून संपायच्या आत एम.ए.चा निकाल आणून दाखवायचा. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, ही नोकरी लागली तर तुझं तू ठरव, नाही लागली तर आम्ही ठरवतो. इचलकरंजीचं एक स्थळ येऊन बसलेलंच होतं.

त्या वर्षी सातव्या पेपरला नऊ जण होते. निकाल लागला आणि सात नापास झाले, त्यात रझिया. बाकी सगळ्या पेपरांत तिला उत्तम गुण आणि सातव्यात तीन कमी.

बाहेरगावचे एक परीक्षक होते. सक्तीचा प्रश्न होता, "स्पॅनिश अमेरिकेतील शहरांत नागरिक कोण व त्याचे सामाजिक जीवन कसे होते?" आमच्या मुलांनी लिहिलं, शेजारी आणि तालीम. परीक्षकांनी तांबड्या शाईत एकाच्या समासात लिहिलं होतं, "लिमात कुस्ती?" दुसऱ्याच्या, "प्रश्न शहराचा आहे, आळीचा नाही." मग वैतागून सगळ्यांचेच गुण खाली आणले असावेत. उत्तरपत्रिका पाहायला सर विद्यापीठात गेले तेव्हा विभागातली म्हणून मीही बरोबर गेले. धनाजी नावाच्या मुलाची बदामाच्या दुधाची ओळ आली तेव्हा सर आधी मोठ्याने हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पोरानं तालमीतलं सगळं घेतलं, लिमातलं कायच घेतलं न्हाई," ते म्हणाले. "ही चूक त्याची न्हवं. माझी."

मी खरं सांगते, त्या क्षणी मी मनातून परीक्षकांच्या बाजूची होते. पण पुढची उत्तरपत्रिका रझियाची होती. तिने तालीम हा शब्द कुठेही वापरला नव्हता. कोफ्रादिया म्हणजे काय, ते तिने साध्या चार वाक्यांत सांगितलं होतं. आणि वेसिनोबद्दल लिहिलं होतं की या शब्दाचा मूळ अर्थ शेजारी, आणि शेजारी असणं हीच त्या शहरांत नागरिक असण्याची कसोटी होती. खाली घर, चूल, हत्यार, पूर, सगळं एकाखाली एक. इतकं नेटकं उत्तर मला स्वतःला लिहिता आलं नसतं. 'शेजारी' या शब्दावर तांबडी फुली होती.

परीक्षा विभागाच्या साहेबांनी तोडगा काढला. शिकवण्यातच चूक झाली असं सरांनी लिहून दिलं, तर मुलांना वाढीव गुणांची सवलत मिळेल. सरांनी तिथेच कागद मागितला. त्यांचा स्वभाव ताठ होता, प्राचार्यांपुढेही ते कधी वाकले नव्हते; पण मुलांचा प्रश्न आला आणि त्यांनी एका मिनिटाचाही विचार केला नाही. मात्र लिहिलं ते स्वतःच्या पद्धतीने. "तालीम हा शब्द मी शिकवला. त्यामुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल झाली, ही चूक माझी. शेजारी हा शब्दही मीच शिकवला. तो बरोबर आहे." साहेब म्हणाले, दुसरी ओळ कशाला? सर म्हणाले, "पयली खरी हाय म्हनून लिवली. दुसरी खरी हाय म्हनून लिवली."

आठवड्याने सवलत लागू झाली. ज्यांनी तालीम लिहिली होती ते सहाही जण पास झाले, बदामाच्या दुधासकट. रझिया तेवढी नापास राहिली. तिच्या उत्तरात तालीम नव्हतीच, तेव्हा सरांच्या चुकीमुळे तिचं नुकसान झालं असं कसं म्हणणार? कागदाच्या हिशेबाने ते अगदी बिनचूक होतं.

ती विभागात आली तेव्हा मी होते. तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, समद्यांची चूक तुमी अंगावर घेतलासा. माझी चूकच न्हवती. मग मी काय करू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऑक्टोबरला परत बस," मीच म्हटलं. "काय वाटेल ते लिही, पण पास हो."

"बसतो की. पर ऑक्टोबरला ती जागा हाय का, मॅडम? आनि मी लिवनार काय? शेजारी न्हाई लिवलं तर ते खोटं. लिवलं तर परत फुली."

ती गेली. सर एकदम उठले, विजारीला क्लिपा लावल्या आणि भर दुपारी कळंब्याच्या रस्त्याला लागले. वार होता मंगळवार. रविवार सोडून सर तिकडे जाताहेत म्हणजे काहीतरी ठरलं, एवढं मला समजलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परीक्षा विभागाच्या साहेबांपुढे आम्ही तिघं बसलो होतो. सर, मी, आणि पांढरा झगा घातलेले, हातात वेताची काठी घेतलेले फादर. रझिया बाहेर बाकावर. साहेब गोरा माणूस पाहून उठून उभे राहिले आणि इंग्रजीची जुळवाजुळव करू लागले.

"मराठीत बोला की ओ साहेब," फादर म्हणाले. "मला कळतंय."

साहेब खाली बसले. "आपली मातृभाषा स्पॅनिश?"

"व्हय."

"मग 'वेसिनो' या शब्दाचा अर्थ काय, ते सांगा."

"शेजारी."

"नागरिक नाही?"

"त्योच. आमच्या गावात अजून तसंच हाय. गावच्या रानातनं लाकूड आनायचं तर तुमी वेसिनो पायजे. पंचायतीत बोलायचं तर वेसिनो पायजे. आनि भिंतीपल्याडचा म्हातारा, ज्याची कोंबडी आमच्यात यायची, त्योबी वेसिनोच. दोन शब्द न्हाईतच आमच्याकडं. माझ्या बापानं मला सांगितल्यालं, गाव सोडून निघालास तर दार लावून जा, चूल इझवू नको. चूल इझली की तू वेसिनो न्हाईस." "मी इझवून आलो. म्हनून इथं हाय."

साहेबांनी टाचणी उचलली, परत ठेवली. मग त्यांना राहवलं नाही. "फादर, हे असं मराठी आपण कुठं शिकलात?"

फादरांनी काठीने सरांकडे दाखवलं. "ह्यांनी शिकीवलं. हुपरीचं हाय. चांदीगत टिकतंय."

साहेब हसले. त्यांच्याबरोबर मी हसले, दारातला शिपाई हसला. माणूस वाईट नव्हता तो. पण हसून झाल्यावर त्याने खरी अडचण सांगितली. एका मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासायची तर कारण लागतं. दर वर्षी या पेपरावरून कोल्हापूरचं नाव निघतं, दर वर्षी नवा शब्द, नवं भांडण. वरच्या लोकांना हे मिटलेलं हवं होतं. "चौगुले सर, यापुढे हा पेपर तुम्ही शिकवणार नाही, असं लिहून द्या. फादर हे सगळं पत्रात लिहून देतील; मी आज दुपारीच ती उत्तरपत्रिका त्या पत्रासह दुसऱ्या परीक्षकांकडे पाठवतो. चार दिवसांत निकाल."

मला वाटलं सर उठतील. सरांना निवृत्तीला तीन वर्षं होती. बारा वर्षं त्यांनी तो पेपर शिकवला होता, त्यासाठी परकी भाषा शिकले होते, रविवार घातले होते. दुसरं काही त्यांनी आयुष्यात मागितलंच नव्हतं. माझ्या तोंडून "सर, नको" असं निघूनही गेलं.

सरांनी कागद ओढून घेतला. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं, चांदीवर नक्षी काढणाऱ्या घरातलं. दोन ओळी लिहिल्या, एका ठिकाणी 'शिकविणार' मधला वि दीर्घ झाला होता तो खोडून ऱ्हस्व केला, आणि सही केली.

रझिया फादरांबरोबर पुढे गेल्यावर जिन्यात ते मला म्हणाले, "पोरीला सांगायचं न्हाई, बाई. नोकरीवर जायची न्हाई ती मग."

चार दिवसांनी नव्हे, सात दिवसांनी निकाल आला. दुसऱ्या परीक्षकांनी रझियाला त्या प्रश्नात सगळ्यांत जास्त गुण दिले होते. जूनच्या अठ्ठावीस तारखेला ती वारणानगरला हजर झाली. इचलकरंजीचं स्थळ परत गेलं.

त्या आठवड्यात मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. मी पुण्याची, मी भुवई वर करणारी. पण एका कोल्हापुरी मास्तरांनी आपला सगळ्यांत लाडका विषय एका मुलीच्या एका बरोबर शब्दासाठी देऊन टाकला, आणि मी तिथे हजर होते, हे मी पुढे ज्याला त्याला सांगत सुटले. पुण्यात तर जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. रझियाला मात्र सांगितलं नव्हतं. तिला ते दिवाळीच्या सुट्टीत कळलं आणि ती तशीच तावातावाने कॉलेजात आली.

"कुनाला इचारून लिवून दिलासा, सर?"

"कुनाला इचारायचं? पेपर माझा, सही माझी." सरांनी तिला बसायला सांगितलं. "तुज्या शाळंत किती पोरं हाईत ते सांग आधी."

ती रडायला आली होती की भांडायला, हे तिलाच ठरवता येईना. शेवटी तिने पोरांची संख्या सांगितली आणि मग अर्धा तास त्यांच्या खोड्या सांगत बसली.

त्याआधी, नवं वर्ष सुरू होतानाच, सातवा पेपर कोण शिकवणार असा प्रश्न विभागात निघाला होता. पेपर बंदच करू, असं प्राचार्य म्हणत होते. सर म्हणाले, "कदमबाई शिकवतील." कदमबाई म्हणजे मी. मी घाबरून नाही म्हणाले. मला ना स्पॅनिश येत होतं, ना ती शहरं. सर म्हणाले, "तुमाला भांडाय येतंय. बाकीचं हुतंय."

त्यांनी मला टिपणं दिली नाहीत. कागदावर दिलेला शब्द त्यांना अक्षरशः पाळायचा होता. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, रात्रंदिवस वाचली, आणि पहिल्या तासाला वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर, सहा मुलांच्या मागे, पांढरी टोपी. समोर नवी कोरी वही, हातात पेन.

"सर, तुम्ही इथे?"

"शिकवनार न्हाई असं लिवून दिलंय, मॅडम. शिकनार न्हाई असं न्हाई."

बाहेर ते मला बाई म्हणत, वर्गात मॅडम. तीन वर्षांत हा फरक एकदाही चुकला नाही. ते कधी मधे बोलले नाहीत, कधी चूक दाखवली नाही. तास संपायला पाच मिनिटं राहिली की हात वर करत. "मॅडम, एक शंका हाय." मग विचारत, त्या चौकात पाणी कुठनं येत हुतं? किंवा, मिरवणुकीत बायका कुठं उभारायच्या? किंवा, भूकंप झाला तवा देवळाआधी काय बांधलं? शंका त्यांना नव्हतीच, हे मला माहीत होतं. माझ्या तासात जे राहून गेलं असे, त्याच्यावर ते बोट ठेवत. पहिल्या वर्षी त्या हाताची मला धडकी भरे. दुसऱ्या वर्षी मी घरी बसून विचार करायची, आज सर काय विचारतील, आणि ते आधीच सांगून टाकायची. तरी ते नवीन काढत. मुलंही शिकली. सरांच्या आधी आपण हात वर करायचा, अशी त्यांच्यात चढाओढ लागली.

त्यांची निवृत्ती मार्चअखेर होती. सभा झाली, हार झाले, त्यांनी चार वाक्यांत आभार मानले. पण मला आठवतो तो त्याच्या आदल्या आठवड्यातला माझा शेवटचा तास. मी लिमा शिकवत होते. भूकंपात शहर पडतं, राजप्रतिनिधी चौकात तंबू ठोकून राहतो, आणि लोक आपापल्या पडक्या घरांच्या जागेवर येऊन बसतात, जागा सोडत नाहीत. कोण कुठे बसलं, विहिरी कुणी उपसल्या, भाकरी कुठे भाजली, प्रेतं कुणी उचलली, कुणाची मंडळं कुणाला धावून आली, सगळं सांगितलं. कुठलंही पुस्तक न उघडता सांगितलं. घड्याळात पाच मिनिटं राहिली तेव्हा सवयीने माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. मुलांनीही वळून पाहिलं.

सरांनी पेनला टोपण घातलं. वही मिटली. मला वाटलं त्यांचं घड्याळाकडे लक्ष नसेल, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "कुणाला काही शंका?"

ते उभे राहिले. माझ्या वर्गात मी त्यांना उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"आज काय शंका न्हाई, मॅडम," ते म्हणाले.